जुने लाकूड, जुने लुगडे

अभिरुचीविषयी लिहावयाचे म्हणजे कविता, कादंबरी, नाटक, फार तर चित्र किंवा गाणे यांविषयी लिहावयाचे, असा आपल्याकडे एक समज आहे. खुर्चीवर टीकालेख कोणी लिहीत नाही. वास्तविक माणूस कवितेच्या सहवासात जितका वेळ घालवतो त्याच्या कितीतरी पट वेळ तो खुर्चीच्या सहवासात घालवतो. आणि वाईट कवितेचे पुस्तक मिटून ठेवता येते, तसा वाईट कोच काही मिटून ठेवता येत नाही. तो दिवाणखान्यात ठाण मांडून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला घरच्या माणसांची रुची सांगत राहतो. तेव्हा दिवाळी अंकाची चार पाने खुर्च्या, कोच आणि त्यांच्यावर चढविलेले कापड यांना दिली, तर सरस्वती रुसेल असे मला वाटत नाही.

निमित्त झाले आहे ते एका नव्या हौसेचे. गेल्या काही वर्षांत जुने फर्निचर मोडीत न काढता त्याला नवे रूप देण्याची आवड शहरांतून पुष्कळ वाढली आहे. आणि त्यातही विशेष दिसते ती जुन्या लाकडावर जुनेच कापड चढविण्याची आवड. आजोबांची आरामखुर्ची माळ्यावरून खाली उतरते, सुतार तिचे सांधे आवळतो, लाखेचे पॉलिश होते, आणि मग आजीच्या ट्रंकेतली पैठणी, एखादे इरकली लुगडे, कधीच न शिवलेले खण, किंवा मुंबईच्या चोर बाजारात हाती लागलेला हिमरूचा तुकडा तिच्यावर ताणून बसवला जातो. दिवाळीच्या आवराआवरीत हा बेत हमखास निघतो. या हौसेचे मी मनापासून स्वागत करते. दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचे जे फर्निचर आज घरोघर येते, त्याला पावसाळ्याचे पाणी लागले की ते भाकरीसारखे फुगते. त्यापेक्षा साठ-सत्तर वर्षांच्या सागवानी खुर्चीला आणखी पन्नास वर्षे देणारा माणूस केव्हाही शहाणा.

मात्र हौशीने केलेले काम चांगले झाले आहे की नाही, हे विचारण्याचा हक्क टीकेला असतोच. मासिकांतून अशा खुर्च्यांची छायाचित्रे येतात. ती मी आवडीने पाहते. त्यांत एक गोष्ट नेहमी खटकते: त्या खुर्च्यांवर कोणी बसलेले नसते.

आपल्या जुन्या घरात लाकूड आणि कापड यांचे नाते काय होते, ते आधी पाहू. पलंग होता, माचा होता, पाट-चौरंग होते, झोपाळा होता. पण यांपैकी कशालाही कापड खिळ्याने ठोकलेले नव्हते. कापड अंथरले जाई, घातले जाई, टाकले जाई, आणि काम झाले की झटकून, घडी करून उचलले जाई. बैठकीवरची पांढरी चादर, लोडांचे आणि तक्क्यांचे अभ्रे, झोपाळ्यावरची गादी, तंबोऱ्याची गवसणी ही सारी लाकडाकडे पाहुणी म्हणून येणारी कापडे. धुण्याच्या दिवशी ती उतरत आणि उन्हात वाळून पुन्हा आपल्या जागी येत. आपल्या हवेत याला पर्यायही नव्हता. चार महिने पावसाची ओल, चार महिने घाम, आणि बाराही महिने ढेकणांची धास्ती. अशा ठिकाणी लाकडाला कायमचे चिकटलेले कापड म्हणजे रोगाला आमंत्रण.

गादी ठोकलेली खुर्ची ही थंड मुलखातली वस्तू. तिथे लोकर, कातडे, घोड्याचे केस लाकडावर ताणून बसवले की माणसाला ऊब मिळते. इंग्रजांबरोबर ती इकडे आली. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कारागिरांनी शिसवी लाकडावर अंगुलभर जागा मोकळी न सोडता वेलबुट्टी कोरलेले कोच बनवले, आणि वाड्यांतून, बंगल्यांतून ते मोठ्या मानाने विराजमान झाले. पण स्वतः इंग्रजदेखील इथल्या उन्हाळ्यापुढे नमला आणि वेताच्या बैठकीकडे वळला. लांब हातांची, मागे कललेली, वेताने विणलेली आरामखुर्ची ही त्या शरणागतीची खूणच म्हटली पाहिजे.

गंमत अशी, की लाकडाला कापडाने सजविण्याच्या या युरोपीय कलेला तिचे एक अत्यंत देखणे कापड मिळाले ते आपल्याच देशातून. ते म्हणजे चीट. कोरोमांडल किनाऱ्यावर कलमाने रेखाटलेली, मंजिष्ठाचा लाल आणि निळीचा निळा रंग चढवलेली ही सुती कापडे युरोपात गेली आणि त्यांनी तिथल्या बायकांना वेड लावले. इंग्रजीतला चिंट्झ हा शब्द आपल्या चिटाचाच भाऊ. तिथले लोकरीचे आणि रेशमाचे विणकर इतके हवालदिल झाले, की इंग्लंडने १७०० साली कायदा करून आशियातून येणारे छापील सुती कापड देशात विकायला बंदी घातली. आणि तेवढ्याने भागेना म्हणून १७२१ साली दुसरा कायदा करून असे कापड अंगावर घालण्यास आणि घरातल्या सामानावर वापरण्यासही मनाई केली. खुर्चीला चिटाचे कापड लावणे हा तिथे जवळजवळ अर्धशतक अपराध होता! १७७४ साली इंग्लंडमध्येच तयार होणाऱ्या सुती कापडापुरती ही बंदी उठली, हिंदुस्थानच्या मालाला मात्र ती सवलत नव्हती. त्यामुळे डेव्हिड गॅरिक या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ नटाच्या पत्नीला कलकत्त्याहून भेट आलेले चिटाचे पडदे १७७५ साली कस्टमच्या अधिकाऱ्यांनी जप्त केले. ते पडदे मच्छलीपट्टणच्या बाजूला तयार झालेले होते, आणि ज्या पलंगासाठी ते होते तो चिपेंडेलच्या कारखान्यातला. पलंग आणि पडदे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की ते कापड पलंगाभोवती टांगलेले होते. त्याच्यावर कोणाच्या देहाचा भार येत नव्हता.

दुसरे उदाहरण अधिक घरगुती आहे. सिग्मंड फ्रॉइडचा कोच जगातला सर्वांत प्रसिद्ध कोच असेल. १८९० च्या सुमारास एका रुग्ण बाईंनी तो त्याला दिला. १९३८ साली व्हिएन्ना सोडून जाताना तो त्याच्याबरोबर लंडनला गेला आणि आजही तिथल्या त्याच्या घरात, म्हणजे आताच्या संग्रहालयात, आहे. कोच स्वतः अगदी साधा; पण त्याच्यावर इराणच्या कश्काई लोकांनी विणलेला एक गालिचा टाकलेला आहे आणि आपल्या डोळ्यांना दिसतो तो गालिचाच. तो कापलेला नाही, ठोकलेला नाही. नुसता पसरलेला आहे. वर्षानुवर्षे माणसे त्याच्यावर आडवी होऊन आपली दुःखे सांगत होती, आणि गालिचा ते सहन करीत होता, कारण मुळात जमिनीवर अंथरून तुडवला जाण्यासाठीच तो विणलेला होता.

कापड जुने होते म्हणजे नेमके काय होते? आपण म्हणतो, जुने लुगडे किती मऊ लागते. ही मऊ लागण्याची गोष्ट म्हणजे दुसऱ्या बाजूने पाहिले तर धाग्याची ताकद खर्ची पडल्याची खूण असते. सुती कापड धुण्याने झिजते, रेशीम उजेडाने. आणि ट्रंकेत वर्षानुवर्षे एकाच घडीत पडलेले रेशीम त्या घडीवरच चिरते. जुन्या बायकांना हे शास्त्र न शिकता ठाऊक होते. म्हणून लुगड्याच्या आयुष्याला त्यांनी एक उतरंड लावून दिली होती. नवे लुगडे सणाला, मग बाहेर जायला, मग घरात. मधोमध विरले की तेवढा भाग काढून टाकायचा आणि धड तुकडे एकमेकांना जोडायचे. याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडेही विरले की त्याची बाळासाठी दुपटी. मग गोधडी. मग पोतेरे, आणि अखेरीस एखादी चिंधी काकड्याला. प्रत्येक पायरीवर कापडाकडून मागणी थोडी कमी होत जाई. पन्नास वर्षे ट्रंकेत असलेल्या कापडाला एकदम कोचाच्या बैठकीवर ताणून बसवणे म्हणजे पेन्शनीत निघालेल्या माणसाला पुन्हा हमालीला लावणे होय.

माझ्या पाहण्यात असा एक कोच आहे. घर रसिकांचे, कोच शिसवी, पाठीवर द्राक्षांचे घोस आणि दोन्ही हातांवर सिंहांची तोंडे. आणि बैठकीवर पैठणीचा पदर ताणून बसवलेला. पदरावरचे मोर बरोबर तिथे आले होते, जिथे पाहुण्याने टेकावयाचे. मी बसले ती कडेला. यजमानीणबाईही कडेलाच बसल्या. आम्ही दोघी तासभर त्या मोरांच्या दोन बाजूंना अंग चोरून गप्पा मारीत होतो. आतल्या खोलीतून त्यांच्या सासूबाई आल्या, त्यांनी सरळ मोडा ओढून घेतला आणि म्हणाल्या, “आम्ही नाही हो त्याच्यावर बसत. पदरावर का कुणी बसतं?”

त्या एका वाक्यात मला एक अख्खा टीकालेख सापडला. पदर डोक्यावरून घ्यायचा, पदरात ओटी घ्यायची, पदराने लेकराचे तोंड पुसायचे. मराठी भाषेने या दोन हात कापडाला इतके अर्थ दिले आहेत, की तो बैठकीला ठोकला की बसणाऱ्याला आपले काहीतरी चुकते आहे असे आतून वाटतेच. पण भावनेची गोष्ट बाजूला ठेवू. विणीकडे पाहू. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा बाणा आपल्यापुरत्या नक्षीत पुढेमागे फिरतो आणि शेजारच्या रंगाशी गुंतून परततो. पाठीमागे मोकळे धागे लोंबत राहत नाहीत. त्यामुळे पैठणी उलटसुलट दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. हेच तिचे वैभव. माणसाच्या अंगावर, चालताना, वाऱ्यावर दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून विणकराने महिनोन्‌महिने जे कष्ट केले, त्यांतले निम्मे आपण काथ्यावर दाबून कायमचे झाकून टाकतो. आणि जी बाजू उरते तिच्यावर बसतो!

दृष्टीलाही तो कोच सुखावह नव्हता. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ साली निघालेल्या पुस्तकात लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे मांडली. त्यांच्या विवेचनात कोच-खुर्च्यांना जागा नव्हती. पण ही तत्त्वे दिवाणखान्यात लावून पाहायला हरकत नसावी. दाट कोरीव शिसवी लाकूड आणि दाट जरतारी पदर एकत्र आणले की वरवर पाहता संवाद साधला असे वाटते, कारण दोन्ही श्रीमंत. प्रत्यक्षात दोन गवई एकाच वेळी तान घेत असावेत तसा प्रकार होतो, आणि एकाचेही गाणे ऐकू येत नाही. त्या कोरीव कामाला हवा होता विरोध: एखादे सपाट, एकरंगी, जाड सुती कापड, निळे किंवा कोऱ्या मांजरपाटासारखे पांढुरके. मग ती द्राक्षे दिसली असती. उलट साध्या, सरळ पायांच्या सागवानी खुर्चीला बुट्टीदार कापड खुलते. इतका साधा हिशेब आहे, पण हौशीच्या भरात आपल्याजवळ असेल ते सगळे एकाच वस्तूवर घालण्याचा मोह पडतो. लग्नात नवरीचे होते तेच कोचाचे होते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. कापू नका, ठोकू नका, असे म्हणणाऱ्यांना कोणीही विचारील, की बाई, मग त्या पैठणीचे करावे तरी काय? ट्रंकेत ठेवली तर कसर खाणार. विकली तर जुन्या जरीच्या कापडाचा भाव कसा ठरत असे, हे आपल्याला माहीत आहे. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचे पाणी दिलेले असे. म्हणून फाटके शालू आणि पैठण्या जाळल्या जात, रेशमाची राख होई आणि चांदीचा गोळा हाती येई. किती पणज्यांचे शालू असे मुशीतून गेले असतील त्याची गणती नाही. उरलेसुरले बोहारणीच्या पाटीतून गेले आणि त्यांच्या बदल्यात स्टीलची पातेली घरात आली. ही पातेली मी वापरली आहेत, चांगली टिकाऊ होती. तेव्हा ज्या सूनबाईंनी सासूची पैठणी कोचाला लावली त्यांनी तिचा नाश केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळ वेळा त्यांनीच तिला मुशीतून वाचविलेले असते.

हा आक्षेप मान्य करूनही माझे म्हणणे उरते. पैठणी धड असेल तर तिला कात्री लावू नये. ती नेसावी, नाहीतर नेसणाऱ्या कोणाला तरी द्यावी. अंग विरले असेल आणि काठ-पदर शाबूत असतील (पुष्कळदा असेच होते), तर कात्री चालवायला हरकत नाही. पण ते काठ भार नसलेल्या जागी जावेत. आरामखुर्चीवर टाकायच्या गवसणीच्या पुढच्या लोंबत्या कडेला नारळी काठ लावा. पदर जाळीच्या दोन पाटांमध्ये उभा बसवून त्याचा आडोशाचा पडदा करा, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील. झोपाळ्याच्या लोडाच्या दोन्ही टोकांना त्याची गोल चकती शिवा. लोडाच्या टोकावर कोणी रेलत नाही.

इरकलीची गोष्ट थोडी निराळी. तिचे अंग बहुधा सुती असते आणि पदर रेशमी, आणि दोन्हींचे ताणे मागावरच फाशांनी एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. याला टोप-तेनी म्हणतात. हा जोड फार देखणा, पण त्याच्यावर ताण घ्यायचा नाही. पदर आणि अंग एकाच बैठकीवर येतील असे कापड बसवले, तर फाटायला सुरुवात तिथूनच होण्याची भीती. सुती अंग मात्र उशांच्या आणि पातळ गाद्यांच्या अभ्र्यांना उत्तम; इतके सोसलेले कापड गालाला जसे लागते तसे बाजारातले कोणतेही लागत नाही.

खणाविषयी माझे मत अधिक उदार आहे. गुळेदगुड्डचा खण मुळात कापण्यासाठीच विणला जातो. त्याची चोळी व्हायची, म्हणजे तो बेतला जायचा, पाठीवर आणि दंडावर ताणला जायचा. त्याची बुट्टी बारीक आणि सर्वत्र सारखी, त्यामुळे कुठेही कात्री चालवली तरी चित्र तुटत नाही. जेवणाच्या टेबलाभोवतीच्या साध्या सागवानी खुर्च्या असतील तर त्यांच्या पाठीच्या लहानशा चौकटीत खण असा काही बसतो, की तो तिथलाच वाटावा. जुने जाळीचे कपाट असेल, तर दारांच्या जाळीमागे आतून खण लावून पाहा. बाहेर काळसर जाळी आणि आतून डाळिंबी रंग. बैठकीवर मात्र खण नको. ज्या कापडाने देवीची आणि सवाष्णीची ओटी भरतो ते बुडाखाली घ्यायचे, हे कोणत्याही सौंदर्यशास्त्राने पटणार नाही. पाठीला आधार द्यायला तो आहेच की, चोळीच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या तो पाठीवरच होता.

हिमरू आणि मश्रू यांची नावे एका दमात घेतली जातात, पण खुर्चीच्या दृष्टीने दोन्हींत फरक आहे. औरंगाबादी हिमरूच्या नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूने मोकळे धावतात. त्यामुळे त्याला अस्तर लागतेच, आणि झिजून धागा तुटला की नक्षी पुढून विरळ होऊ लागते. त्याची शाल किंवा पडदा व्हावा. मश्रूची वीण वर रेशीम आणि अंगाकडे सूत अशी. रेशीम थेट त्वचेला लागू नये म्हणून काढलेली ही युक्ती, आणि नावाचा अर्थही धर्माला संमत असलेले, असा. आतून सुताचा भक्कम पाया असल्याने ते ताण बरा सोसते. गुजरातेत मश्रू अजूनही विणला जातो. तेव्हा बैठकीला नवा मश्रू लावावा आणि जुना तुकडा उशीला, यात विणकरालाही चार पैसे मिळतात.

आता ज्याच्याविषयी मला खरोखर राग येतो ते सांगते. वेताची खुर्ची. वेत फाटला, की खुर्चीच्या भोकावर फळी ठोकायची, फोम ठेवायचा, वरून जुने सुंदर कापड ताणायचे आणि खाली खिळे मारायचे, अशी एक पद्धत रूढ झाली आहे. विणलेल्या वेताच्या चौकटीला आधीच चारी बाजूंनी ओळीने भोके पाडलेली असतात. त्यांच्यामध्ये खिळे ठोकले की लाकूड भोकांच्या रेषेवर चिरते, आणि शंभर वर्षांची चौकट दोन वर्षांत कामातून जाते. शिवाय हवा खेळती ठेवण्यासाठी जी वस्तू जन्माला आली तिचे नाक आपण दाबून टाकतो. इराण्याच्या हॉटेलातल्या त्या वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आठवा. त्यांचा मूळ नमुना मिखाएल थोनेटने १८५९ साली काढला. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, आणि सुट्या केल्या तर एका घनमीटर खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. इतक्या काटकसरीने साधलेल्या वस्तूवर फुगीर गादी ठोकणे म्हणजे सुनीताला दोन ओळी जास्त जोडण्यासारखे आहे. वेत फाटला तर वेत विणून घ्यावा. हे काम अंधशाळांतून शिकवले जात असे आणि हाताने विणणारे कारागीर शोधले तर आजही सापडतात. नुसता सैल पडला असेल, तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळू द्यावा. तो पुन्हा ताठ होतो. आणि जुने कापड लावण्याची हौस असेलच, तर एक पातळ गादी करावी, तिला त्या कापडाचा अभ्रा घालावा आणि चार कोपऱ्यांच्या नाड्यांनी ती खुर्चीला बांधावी. उन्हाळ्यात सोडून ठेवता येते.

मग जुन्या कापडाने भार घ्यायचाच नाही की काय? घ्यायचा, पण एकट्याने नाही. याचे उत्तर आपल्या गोधडीने केव्हाच देऊन ठेवले आहे. विरलेल्या लुगड्यांचे चार-पाच थर एकावर एक घालून बोटभर अंतराने धावदोऱ्याचे टाके घालीत गेले, की एकेकटे ज्याला बोट लावले तरी फाटेल असे कापड माणसाचे वजन वर्षानुवर्षे पेलते. हजारो टाके तो भार आपसात वाटून घेतात. बंगालच्या कांथ्यात तर टाके घालायचा दोराही जुन्या साडीच्या काठातूनच काढीत. मला आजवर दिसलेल्या नव्या रूपाच्या जुन्या फर्निचरात सर्वांत आवडलेली वस्तू म्हणजे एक लोखंडी पट्ट्यांचा जुना पलंग. पाय थोडे कापून त्याचा दिवाण केलेला, काळा रंग दिलेला, आणि वर एकच मोठी गोधडी: तांबडे, हिरवे, विटके निळे तुकडे, मधेच एका परकराचा पिवळा त्रिकोण. ती ठोकलेली नव्हती, खोचलेली होती. घरातली तीन मुले तिच्यावर लोळत होती आणि त्यांना कोणी “जपून” म्हणत नव्हते. संवाद, विरोध, समतोल, सगळे त्या दिवाणावर होते, आणि शिवणाऱ्या बाईने मर्ढेकरांचे नावही ऐकलेले नसणार.

ज्यांना गोधडीचा थाट नको, एकच कापड हवे, त्यांनीही तत्त्व हेच वापरावे. जुने कापड कोऱ्या मांजरपाटावर पसरावे, बारीक टाक्यांनी जागोजाग पकडावे, आणि मग त्याची गवसणी शिवावी. आधी कापड खिडकीसमोर धरून उजेड कुठून येतो ते पाहावे, घडीच्या रेषा चिमटीत धरून किंचित ताणून पाहाव्यात; तिथे रेशीम करकरले तर त्या कापडाला भिंतीवरच जागा द्यावी. खिळे, फेव्हिकॉल आणि स्टेपलर यांपासून त्याला दूर ठेवावे. दहा वर्षांनी घरातल्या कोणाला ते उतरवून घ्यावेसे वाटले, तर ते होते तसे उतरले पाहिजे.

पैठणीचे मोर पॉलिएस्टरवर छापलेले सोफ्याचे कापड हल्ली मिळते, त्याविषयी लिहायला मला उत्साह नाही. ते जुनेही नाही आणि नवेही नाही. येवल्याच्या मागावर आजही खरे मोर उतरतात, ते महाग असतात, आणि ते सोफ्यासाठी नसतात.

राहता राहिले ढेकूण. सौंदर्यविचारात यांना स्थान नसते, पण जुन्या बाजारातून आणलेल्या खुर्चीत असते. खुर्ची घरात घेण्यापूर्वी जुनी गादी, काथ्या, निवारीचे पट्टे सगळे उपटून टाकावे, सांध्यांतून उकळते पाणी नाहीतर औषध घालावे, लाकूड नीट वाळू द्यावे आणि मगच पॉलिशला हात घालावा. वाळवीची बारीक भोके दिसली तर सुताराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नयेत. कापड उन्हात टाकू नये, सावलीत वाऱ्यावर टाकावे, आणि ठेवताना घडीऐवजी मांजरपाटात गुंडाळून, वेखंडाचे तुकडे घालून ठेवावे. खुर्चीला मात्र ऊन दाखवावेच, आणि त्याला ऑक्टोबरचे ऊन चांगले. दिवाळी झाली की ते उतरते, तेव्हा हे काम फराळाला बसण्यापूर्वी उरकलेले बरे.